क गटाची बाटली

आमच्या तालुक्यात देवावर विश्वास नसलेली माणसं चार-दोन सापडतील, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरसुद्धा विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. प्राध्यापक बोरुडे सर. आज मंगळवार आहे असं कुणी म्हणालं की सर चष्म्याच्या वरून बघत आणि एकच शब्द टाकत, "पुरावा?" समोरचा बिचारा मोबाईल काढून दाखवी. सर म्हणत, "हा मोबाईल तुझाच ना? मग तो तुझीच बाजू घेणार." अशी बरीच झटापट झाल्यावर मंगळवारला मंगळवार होण्याची परवानगी मिळे.

तिसगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमचं फार्मसी कॉलेज. तिथं सर वनौषधी शिकवायचे आणि मी गोळ्या दाबायला शिकवतो. म्हणजे मशीनमध्ये गोळी कशी दाबायची, एवढंच. बाकीच्या गोष्टी कशा दाबायच्या हे दाखवायला आमची संस्था समर्थ आहे.

सर दिसायला वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. उंच, हिरवट, जरासे वाकलेले. अंगातला पांढरा कोट शेवटचा कधी पांढरा होता याचाही पुरावा उपलब्ध नाही. खिशात कायम जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं. लग्नाला ते कधी गेले नाहीत, पण पत्रिकेचं पाकीट पानं वाळवायला फार उत्तम, असं त्यांचं मत होतं. रस्त्यानं जाताना एखादं झुडूप दिसलं की स्कूटर जिथल्या तिथं उभी. एकदा करंजीच्या घाटात सर असे पान न्याहाळत थांबले, मागं एसटी अडकली. कंडक्टर भांडायला उतरला तो परत आलाच नाही. त्याला बघायला ड्रायव्हर उतरला, मग निम्मी एसटी उतरली, आणि पाऊण तासानं चाळीस माणसं भिंगातून पानावरची लव बघत घाटात उभी होती. मी स्वतः पाहिलं. सर इथं असते तर म्हणाले असते, "चाळीस? पुरावा?" बरं, अकरा असतील.

सरांचं सगळं आयुष्य एका रोगानं खाल्लं होतं आणि तो रोग त्यांना झालेला नव्हता. फुफ्फुसात वण धरण्याचा रोग, पल्मोनरी फायब्रोसिस. वर्गात ते तो असा सांगत: "जखम झाली की ती भरून येते. चांगली गोष्ट. पण काही फुफ्फुसांना कुठं थांबायचं ते कळत नाही. जखम असो नसो, भरतच सुटतात. वणावर वण, वणावर वण. शेवटी सगळं घट्ट होतं आणि हवेला जागा उरत नाही. समजलं नसेल तर खिडकीतून बाहेर बघा." खिडकीबाहेर संस्थेची नववी इमारत चालू होती. पोरं खेळायचं मैदान होतं तिथं.

या वणांना आवर घालील असं काहीतरी एखाद्या वनस्पतीत असेल, या आशेवर सर पानं गोळा करत. पानं सावलीत वाळवायची, कुटायची, स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, आटवायची. घमेलंभर पाल्यातून शेवटी चमचाभर काळा चिकटा उरे. तो बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटून उंदरांना पाजायचा. उंदीर रीतसर परवानगीचे, पिंजरे झकपक. आमच्या वसतिगृहाच्या पोरांनी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला होता की आमचीही सोय उंदरांसारखी करावी.

सहा वनस्पतींनी सरांना तोंडघशी पाडलं. सातवीनं जरा आशा दाखवली. ती आपल्या बांधाबांधावर उगवणारी एक क्षुल्लक झुडूपजात. नाव मी सांगणार नाही. वनस्पतीचं नाव बाहेर पडल्यावर, किंबहुना न पडल्यावरसुद्धा काय होतं, ते मी पाहिलं आहे.

झालं असं. सातव्या वनस्पतीच्या काढ्यानं काही उंदरांच्या फुफ्फुसातले वण कमी दिसले. सरांनी ही गोष्ट तीन महिने कुणाला सांगितली नाही, कारण जरा जास्त मात्रा दिल्यावर त्याच उंदरांची यकृतं सुजली होती. पण कॉलेजात कुणीतरी बडबडलं. कोण ते विचारू नका, तो माणूस पुढं फार पस्तावला आणि सध्या हा लेख लिहितो आहे. लगेच एका स्थानिक पेपरात बातमी आली: "असाध्य रोगावर बांधावरचे औषध!" शेजारी सरांचा फोटो. फोटोत सर एका पडीक रानात उभे, आणि त्यांच्याभोवती कमरेएवढं वाढलेलं गाजरगवत.

वनस्पतीचं नाव बातमीत नव्हतंच. पण आमच्या लोकांना नाव लागत नाही, फोटो पुरतो. मास्तर ज्यात उभा, तेच औषध! दुसऱ्या दिवशी सकाळी पंचक्रोशीत गाजरगवताची एक काडी शिल्लक नव्हती. ज्या गवतासाठी ग्रामपंचायतीनं वर्षानुवर्षं श्रमदानाचे फलक लावले, ते लोकांनी एका रात्रीत मुळासकट उपटलं. कुणी पिशव्या भरल्या, कुणी टेम्पो लावला, कुणी नगरच्या पाव्हण्याला एसटीनं भारा पाठवला. पुढं आमच्या गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं, त्यात सरांचं नाव घेण्याचं सरपंचांना सुचलं नाही.

इकडं घराघरात काढा उकळायला लागला आणि गाव खाजवायला लागलं. हातावर गांधी उठलेल्या, डोळे सुजलेले, आणि ज्यांना आधी दमा नव्हता त्यांना धाप. सर स्कूटरवरून मारुतीच्या देवळात गेले, पुजाऱ्याच्या हातातून माईक काढून घेतला आणि दोन तास गावाला ओरडून सांगत बसले, "तो काढा ओतून द्या! ते विषारी गवत आहे! माझ्याकडं कसलंही औषध नाही!" देवावर विश्वास नसलेल्या माणसाचा आवाज देवळातून एवढा कधी आला नव्हता. लोकांनी ऐकलं, काढे ओतले आणि एकमेकांना सांगितलं, "मास्तर लई पोचलेला. खरं झाड लपवून ठेवतोय."

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब हे मात्र संधी ओळखणारे गृहस्थ. त्यांनी आठ दिवसांत कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स चढवला. त्यावर भाऊसाहेब हत्तीएवढे, सर उंदराएवढे आणि मजकूर असा: "आमच्या महाविद्यालयाने फुफ्फुसाच्या रोगावर मिळवला विजय." 'फुफ्फुसवर्धिनी' या नावानं बाटल्या काढायचंही त्यांच्या मनात शिजत होतं. सर सकाळी आले, फ्लेक्स वाचला, शिपायाकडून शिडी मागवली, वर चढले आणि जाड पेननं 'फुफ्फुसाच्या' या शब्दाच्या आधी लिहिलं, 'उंदरांच्या'. मग खाली उतरून लांबून पाहिलं, समाधान झालं नाही, म्हणून परत चढून लिहिलं, 'काही उंदरांच्या'. त्यानंतर आणखी एकदा चढले आणि 'विजय'च्या पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

भाऊसाहेबांनी बोलावून घेतलं. "बोरुडे, तुम्हाला संस्थेची प्रगती बघवत नाही का?"

"बघवते की. नववी इमारत रोज बघतो."

"अहो, उंदराला गुण येतो मग माणसाला का येणार नाही?"

"साहेब, उंदीर म्हणजे शेपटी असलेला माणूस नव्हे. त्याला गुण आला हा त्याचा खासगी प्रश्न आहे."

त्या वर्षी सरांची पगारवाढ अडली आणि उंदरांच्या खाद्याचा ठेकेदार बदलला. सरांना यातल्या दुसऱ्याच गोष्टीचा राग आला.

आता या सगळ्या शास्त्रार्थात एक माणूस असा होता, ज्याच्यापुढं सरांचा 'पुरावा' चालत नसे. त्यांची थोरली बहीण, भागाक्का. सरांचं लग्न झालेलं नव्हतं, आक्काचा नवरा केव्हाच वारला होता, आणि ती तिसगावात एकटी राहायची. हिवाळा आला की गावातल्या सगळ्या बाळंतिणींचे डिंकाचे लाडू हिच्या हातचे. ठेंगणी, गोल, आवाज थेट पाथर्डीपर्यंत जाणारा. दर बाजाराच्या दिवशी ती बंधूसाठी डबा घेऊन कॉलेजात यायची.

आणि हा रोग आक्काला होता. सरांनी सहा वनस्पतींशी उगाच डोकेफोड केली नव्हती.

नगरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "मावशी, तुमची फुफ्फुसं मधमाशांच्या पोळ्यासारखी झालीत." आक्का म्हणाली, "मग मध कुठाय?" कारण विचारलं तर डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. आक्का म्हणाली, "एवढ्या मोठ्या मशिनीला सापडत न्हाई, अन् पैसे बरोबर सापडत्यात."

आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. आक्काला धाप लागायची, पण धाप लागते हे कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून तिनं युक्ती काढली होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती कुणालातरी पकडायची. "काय गं, कुणाची तू? आई बरी हाय का? म्हस व्याली का?" समोरची पोरगी उत्तर देई तोवर आक्काचा श्वास जागेवर येई. पुढच्या वळणावर पुढचं गिऱ्हाईक. एका डब्यापायी तिला निम्म्या कॉलेजाची वंशावळ पाठ झाली. सर वर दारात उभे राहून ते ऐकत. पूर्वी आक्का एका वळणावर थांबायची. मग प्रत्येक वळणावर. मग दर चार पायऱ्यांवर म्हशी व्यायला लागल्या.

वर आली की खुर्चीत बसून पहिलं वाक्य ठरलेलं. "बाप्पू, उंदराला देतो अन् भैनीला न्हाई?"

"आक्का, ते औषध नाही. तपासणी चालू आहे."

"मग मला तपास की. मी काय उंदरापेक्षा बारीक हाय?"

"यकृत सुजतं त्यानं."

"सुजू दे. आत लई जागा हाय."

"नाही म्हणजे नाही. डॉक्टरांच्या गोळ्या घेतेस का?"

इथं आक्का खिडकीबाहेर बघायची. त्या गोळ्यांनी तिला मळमळायचं, जेवण जाईना. घरी नळीचं मशीन आणून दिलं होतं, ऑक्सिजनचं. त्यावर तिनं भरतकामाचं कापड घालून वर दत्ताची तसबीर ठेवली होती. "नाकात नळी घालून बसायला मी काय म्हस हाय?" असा तिचा सवाल. उंदराचं औषध मात्र तिला हवं होतं, कारण ते भावाच्या हातचं होतं.

एके दिवशी आक्का डबा घेऊन आली तेव्हा सर वर्गावर होते आणि मी चहाला गेलो होतो. आम्ही दोघं जिन्यातच भेटलो, वर आलो, तर आक्का फ्रीजपुढं उभी. पदरानं तोंड पुसत होती. टेबलावर रिकामी बाटली.

"झालं एकदाचं," आक्का म्हणाली. "आता ओरड."

सर ओरडले नाहीत. चेहरा असा झाला की त्या बाटलीतलं सगळं यांनीच प्यायलं असावं. बाटली उचलली, फिरवली आणि लेबल वाचलं. मग हळूच स्टुलावर बसले. मी वाकून पाहिलं. लेबलावर लिहिलं होतं: क.

आता क गट म्हणजे काय ते सांगतो. प्रयोगात एक उंदरांचा गट असा ठेवावा लागतो की त्याला सगळं मिळतं, औषध सोडून. काढा ज्या डिंकाच्या पाण्यात घोटायचा, ते नुसतं पाणी या गटाला पाजायचं. म्हणजे बाकीच्यांना गुण आला तो काढ्यानं आला की नुसत्या पाजण्यानं, ते कळतं. थोडक्यात, आक्कानं फ्रीज उघडून नेमकं काहीच नसलेलं औषध चोरलं होतं. मला हसू फुटणार, एवढ्यात सरांनी माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला स्पिरिटचा वास होता.

पुढच्या बाजाराला आक्का आली ती दोन वळणं न थांबता. "बघ! छाती कशी मोकळी झाली!"

मी सरांकडं पाहिलं. आता येणार तो शब्द, म्हणून कान टवकारले. सरांनी तोंड उघडलं. मिटलं. आणि म्हणाले, "आक्का, बाटली दर आठवड्याला देईन. पण डॉक्टरांच्या गोळ्या एक दिवस चुकल्या, किंवा नळी लावली नाही, तर बाटली बंद."

"अन् नळी किती येळ?"

"डॉक्टर सांगतील तितका."

"लई हरामी हाईस बाप्पू," आक्का म्हणाली आणि कबूल झाली.

त्या दिवसापासून दत्ताची तसबीर भिंतीवर गेली आणि मशीन चालू झालं. इकडं सर दर आठवड्याला आक्काची बाटली बनवायला बसत. काय सांगू तुम्हाला! डिंक निवडून घ्यायचा, धुवायचा, रात्रभर भिजवायचा, दोनदा गाळायचा, पाणी उकळून थंड केलेलं. बाटली अशी पुसायची की आत स्वर्ग भरायचाय. वर लेबल, तारीख, सही. भल्याभल्या कंपन्या खऱ्या औषधाला एवढं जपत नाहीत, एवढं हा माणूस काहीच नसण्याला जपत होता. आणि लक्षात घ्या, ते औषध आहे असं सर एकदाही म्हणाले नाहीत. "ही घे बाटली," एवढंच. परीक्षेत एक आकडा मनानं टाकला म्हणून पोराला नापास करणारा माणूस, दर आठवड्याला तेवढे तीन शब्द खाली बघून बोलायचा.

असं वर्षभर चाललं. मग आक्काला जिना जमेना. ती पार्किंगमध्येच थांबू लागली, सर खाली उतरू लागले. मग तेही थांबलं आणि सर बाटली घेऊन तिसगावला जाऊ लागले.

एकदा सरांना परीक्षेची ड्यूटी लागली आणि बाटली द्यायला मी गेलो. आक्का अंथरुणावर भिंतीला टेकून, नाकात नळी. मी बाटली पुढं केली. तिनं झाकण उघडलं, घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"या खेपेचा डिंक चांगला हाय," ती म्हणाली. "मागचा जून हुता."

मी बाटलीकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघितलं.

"येड्यावानी बघू नको. पोरगी असल्यापून बाभळीचा डिंक गोळा करते मी. हितल्या अर्ध्या गावाची हाडं माझ्या लाडवानं भरलीत. मला डिंक वळखू येत न्हाई व्हय?"

"म्हणजे पहिल्याच दिवशी..."

"पहिल्याच घोटाला. म्हनलं, चोरून चोरून काय चोरलं, तर डिंकाचं पाणी!" ती हसली, मग खोकली, मग नाकातली नळी नीट बसवली. "पन त्याचं त्वांड बघितलं मी. दहा वर्सं मला न्हाई म्हनून म्हनून पोराचं त्वांड वाळून गेलं हुतं. म्हनलं, छाती मोकळी झाली म्हनावं. त्याला कायतरी देता आल्यावानी वाटू दे."

"मग गोळ्या? नळी?"

"घ्याव्या लागल्या की. न्हाईतर त्यो बाटली बंद करनार." तिनं झाकण लावलं. "त्याला सांगशील तर तुझी जीभ उंदराला घालीन."

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे उभ्या तालुक्याला ठाऊक आहे. गाजरगवताचं प्रकरण तुम्ही वाचलंच. पण सर होते तोवर ही राहिली.

आक्का उन्हाळा संपता संपता गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच टिकली. त्याचं श्रेय भाऊसाहेबांनी लगेच संस्थेला देऊन टाकलं आणि श्रद्धांजलीच्या भाषणात 'फुफ्फुसवर्धिनी'चा दोनदा उल्लेख केला. सर समोर बसले होते. आज या माणसाच्या हाताला शिडी लागू नये, असं मला वाटलं. पण सरांनी मान वर केली नाही.

दहाव्यानंतर मी त्यांच्याबरोबर आक्काच्या घरी गेलो. स्वयंपाकघरातल्या फळीवर, धुतलेल्या कापडावर, सगळ्या बाटल्या उपड्या घातलेल्या. एकही फेकलेली नाही. लेबलंसुद्धा भिजू न देता धुतलेल्या. सरांनी एकेक उचलून उजेडात धरली. कुठं थेंब राहिलेला नव्हता. मग त्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरल्या.

बाहेर आलो. सरांनी स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवली, किक मारायला पाय उचलला आणि तसाच ठेवला.

"तांबे," माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला कळलं होतं का रे?"

सरांनी मला आयुष्यात विचारलेला हा एकच प्रश्न, ज्याचं उत्तर माझ्याकडं होतं. आणि मी, एसटीतली अकरा माणसं चाळीस करून सांगणारा, साधं, सपाट, चार शब्दांत बोललो.

"नाही सर. औषधच समजायच्या."

आणि वाट बघत उभा राहिलो. चष्म्याच्या वरून ती नजर येईल, तो शब्द येईल, आणि मग माझं काही खरं नाही.

सरांनी पिशवीच्या तोंडाला नीट गाठ मारली. एकदा मान हलवली. किक मारली. स्कूटर इतकी सावकाश निघाली की शेजारून एक म्हातारी पाण्याचा हंडा घेऊन पुढं गेली, आणि बाजारतळाच्या वळणापर्यंत त्या बाटल्यांची किणकिण मला ऐकू येत होती.